तीर्थाला कोणी दूध म्हणत नाही

सोमवारी टेक्सासमधल्या प्लेनोतल्या त्या घरात आधी देवघरातला दिवा लागायचा आणि मग चहाचं आधण चढायचं. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातली पॅन्ट्री. डाळींच्या डब्यांच्या वरच्या फळीवर शरयूताईंनी देव मांडले होते. उदबत्ती लावली की छतावरचा स्मोक अलार्म कोकलायचा, म्हणून पूजेच्या वेळी मागचं दार उघडं ठेवायची पद्धत पडून गेली होती. त्या दारातून जूनची गरम हवा आत येत होती आणि शरयूताई पिंडीवर दुधाची धार धरून बसल्या होत्या.

शरयूताई मिरजेच्या. मागच्या दसऱ्यानंतर, म्हणजे २००४ च्या अखेरीस, मुलाकडे आल्या. मग व्हिसा वाढवून घेतला आणि राहिल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. व्रतं, उपास, सोवळंओवळं हाच त्यांचा आधार होता आणि थोडा अभिमानही. इथे आल्यावर त्यांची पहिली अडचण झाली ती दुधाची. दुकानातलं दूध कारखान्यातच तापवून येतं, हे कळल्यावर त्या हिरमुसल्या. अभिषेकाला निरसं दूध लागतं, आच न लागलेलं. शेवटी श्रीरंगने ऑफिसातल्या कोणाकडून तरी पत्ता मिळवला. गावाबाहेर उत्तरेला एक शेत होतं, फाटकाशी जाऊन मागितलं की मालक ताजं दूध काचेच्या बरण्यांत भरून देई. पेकानच्या झाडाखाली उभ्या गाईला हात लावताना शरयूताईंचे डोळे भरून आले होते. तेव्हापासून दर रविवारी माय-लेक तिकडे जात.

"गिरिजा, आंघोळ झाली का गं?"

"झाली, आई." गिरिजा काउंटरला धरून उभी होती. "अंग जरा कसंतरीच आहे."

शरयूताईंनी तिच्या मानेला हात लावून पाहिला. "कणकण आहे थोडी. संध्याकाळी उपास सोडलास की उतरेल. घे, तीर्थ घे."

बाकीच्यांना पळीभर, आणि उरलेलं सगळं व्रत करणाऱ्या बाईने घ्यायचं, असा त्यांच्या घरचा नेम. तीर्थ उरवायचं नाही, ओतून तर मुळीच द्यायचं नाही. वाटी भरलेली होती. गिरिजाने डोळे मिटून ती संपवली.

श्रीरंग लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवत आला. "आई, तिला तापाची टायलेनॉल घेऊ दे ना. गिरिजा, स्किप कर यार आजचा फास्ट."

"सोळा सोमवार मध्येच मोडतात का? थोडेच तर राहिलेत," शरयूताई म्हणाल्या.

"मग बघा तुम्ही तुमचं," असं म्हणून तो गाडीकडे गेला. त्याची अडचणीतून बाहेर पडायची हीच पद्धत होती.

गिरिजा नागपूरची. तिकडे कॉलेजात गणित शिकवायची. इथे डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची मुभा नसल्याने, घरात होती. गेल्या हिवाळ्यात ती गरोदर होती तेव्हा शरयूताईंनी तिचे किती लाड केले! गर्भाला तेज यावं म्हणून रोज तीर्थ दिलं. मग जानेवारीत तिला ताप येऊ लागला. चार दिवस यायचा, आठ दिवस जायचा, पुन्हा यायचा. संध्याकाळ झाली की घामाने उशी भिजे, कंबर अशी धरे की बसलेलं उठवत नसे. फेब्रुवारीत बाळ गेलं. ताप आधी आला होता आणि बाळ नंतर गेलं. पण हा क्रम त्या घरात कोणाच्या लक्षातच राहिला नव्हता. डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हटलं आणि पुढे दुःखामुळे असेल म्हणून मन शांत ठेवायच्या गोळ्या दिल्या. आजाराला नाव मिळालं म्हणून श्रीरंग सुटला. शरयूताईंनी मिरजेला बहिणीला फोनवर सांगितलं, "तिची कूसच नाजूक आहे गं. आणि वर मनाला लावून घेते." गिरिजा तेव्हा शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती.

त्याच सोमवारी दुपारी वसुधामावशींचा फोन आला. मावशी प्लेनोत कितीतरी वर्षं राहिलेल्या, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांच्या आधारवड.

"शरयूताई, पुढच्या शनिवारी चैत्रालीचं डोहाळजेवण माझ्याकडे ठेवलंय. तिच्या आईला व्हिसा नाही मिळाला हो, म्हणून मीच आई! तुमचं ते निरसं दूध मात्र हवंच. मागच्या महिन्यात सत्यनारायणाला आणलं होतंत ना, चैत्राली अजून नाव काढते. वाटीभर तीर्थ मागून घेतलं पोरीने."

"आणते की. त्यात काय."

"आणि हे बघा, राग मानू नका. गिरिजा आजारीच असते ना हल्ली? उगाच दगदग नको तिला. ओटी भरायला सगळ्या लेकुरवाळ्याच येतायत… तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," शरयूताई म्हणाल्या. त्यांना ते लगेच कळलं, कारण अशा कार्यात भिंतीशी उभं राहायचा सराव त्यांना स्वतःला होता.

गिरिजाला त्यांनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं, जणू बाजाराची गोष्ट.

गिरिजा पोळी शेकत होती. तिने गॅस बारीक केला. "म्हणजे माझी नजर लागेल तिच्या बाळाला?"

"असं कोण म्हणतंय? मी नाही का बाजूला उभी राहत? हे गेल्यापासून मी भरली का कोणाची ओटी?"

"तुम्हाला वाईट नाही वाटत, आई?"

"वाटायचं काय त्यात. सवय होते."

"मला नाही करून घ्यायची ही सवय," गिरिजा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. पोळी मात्र करपली.

दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनमधून कपडे काढायला ती खाली वाकली आणि तिथेच बसली. उठता येईना. अंग भट्टीसारखं तापलेलं. श्रीरंग ऑफिसातून धावत आला आणि तिला इमर्जन्सीत घेऊन गेला. तिथे तिला ठेवून घेतलं.

तापाचा छडा लावणाऱ्या डॉक्टरीणबाई तिला बघायला आल्या. मेंडोझा त्यांचं नाव, टेक्सासच्याच दक्षिणेकडच्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे विचारायला सुरुवात केली. घरी कुत्रं, मांजर आहे का? गाई-बकऱ्यांजवळ काम केलं का? कच्चं मांस? न तापवलेलं दूध पिता का, त्याचं चीज खाता का?

"वी आर व्हेजिटेरियन, डॉक्टर. प्युअर," श्रीरंग म्हणाला आणि खात्रीसाठी आईकडे वळला. "आई, आपण कच्चं दूध पितो का?"

"शी! कच्चं दूध कोण पितं? चहाचंसुद्धा दोनदा उकळते मी."

"नो, डॉक्टर."

पलंगावरून गिरिजानेही मान हलवली. त्या तिघांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्याकडे उत्तर होतं. गिरिजाच्या रक्तात एक जंतू वाढला होता. तो गाई-बकऱ्यांच्या अंगात राहतो, त्यांच्या कच्च्या दुधातून माणसात येतो आणि मग हा असा ताप महिनोन्‌महिने लपंडाव खेळतो. औषध आहे, सहा आठवडे घ्यावं लागेल. पण तो आला कुठून? तुम्ही तर दूध पीत नाही म्हणालात.

बाईंचं लक्ष गिरिजाच्या मनगटातल्या दोऱ्याकडे गेलं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. व्रताचा आहे, सोमवारी उपास असतो, असं श्रीरंगने सांगितलं. "मग सोमवारी सकाळपासून हिच्या तोंडात काय काय जातं? सगळं सांगा. औषधाच्या गोळीपासून."

शरयूताईंना प्रश्न समजला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "काही म्हणजे काही नाही. कडकडीत उपास असतो तिचा. फक्त तीर्थ."

"जस्ट होली वॉटर," श्रीरंग म्हणाला.

"नुसतं पाणी?"

"नाही, त्यात… मिल्क असतं," श्रीरंग म्हणाला आणि पुढचे शब्द त्याच्या तोंडून एकेक करून, फार सावकाश पडले. "योगर्ट… घी… हनी… शुगर."

"कुठलं मिल्क?"

गिरिजाच उशीला टेकून उठली. "फ्रॉम अ फार्म. रॉ," ती म्हणाली. बघत मात्र होती सासूकडे.

"अगं, पण ते दूध नाही," शरयूताई घाईघाईने म्हणाल्या. "तीर्थ आहे ते. तीर्थाला कोणी दूध म्हणतं का?"

श्रीरंगने भाषांतर केलं तेव्हा बाई रागावल्या नाहीत. रविवारी चर्चमध्ये त्याही वाईनचा घोट घेत, त्यांनी सांगितलं. पण तुम्ही दारू पिता का असं कोणी विचारलं, तर त्याही नाहीच म्हणाल्या असत्या. त्यांच्या आजीला असाच ताप आला होता, घरी केलेल्या कच्च्या दुधाच्या चीजमधून. तेव्हा चूक प्रश्न विचारण्यात झाली, उत्तरात नाही.

हे सगळं ऐकूनही शरयूताईंचे हात थांबेनात. त्या पदराचं टोक पिळत होत्या. "श्रीरंग, त्यांना विचार. बाळ… ते यानेच गेलं का?"

"आई, आत्ता नको."

"विचार म्हणते ना."

बाईंनी गिरिजाकडे पाहून उत्तर दिलं. नक्की कोणीच सांगू शकणार नाही. पण ताप आधीपासून होता, आणि या आजारात असं होतं. बहुतेक हो. मग त्यांनी एक बजावलं: ते दूध ज्यांनी ज्यांनी घेतलं त्यांना आजच कळवा. कोणी गरोदर असेल तर आधी तिला.

घरी येताना हायवेवर श्रीरंग नाकासमोर बघत गाडी चालवत होता. "आई, मंडळात काही बोलू नकोस. शनिवारी दूध मिळालं नाही म्हणून सांग. फार्मचं काय ते हेल्थ डिपार्टमेंट बघेल."

"आणि चैत्राली? तिने घेतलंय रे."

"एकदाच ना. तिला काय होतंय! फंक्शन झालं की मी शांतपणे ईमेल टाकतो सगळ्यांना. आत्ता सांगितलं तर नुसता पॅनिक. आणि आपलं नाव खराब."

मुलाच्या तोंडून आपलंच बोलणं बाहेर येतंय असं शरयूताईंना वाटलं. 'कशाला चारचौघांत', 'घरातलं घरात', हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

गिरिजा दुसऱ्या दिवशी घरी आली. शरयूताईंनी त्या सकाळी पहिल्यांदाच दुकानातलं दूध, तेही उकळून, निववून देवापुढे ठेवलं. बराच वेळ त्या हात जोडून बसल्या. आजवर आपण ज्याला भक्ती म्हणत आलो त्यात देवाचं किती आणि आपल्या हट्टाचं किती, हे त्यांना वेगळं करता येईना. मग त्या उठून सुनेच्या खोलीत गेल्या.

"चुकलं गं माझं."

गिरिजा खिडकीकडे तोंड करून पडली होती. "दुधाचं तुम्हाला माहीत नव्हतं, आई. त्याचं मी काही म्हणत नाही." ती शरयूताईंकडे वळली. "पण माझ्यातच खोट आहे म्हणालात. तेही माहीत नसतानाच म्हणालात ना? ते कसं म्हणता आलं?"

याचं उत्तर कोणत्या पोथीत असतं? बाई आजारी पडली तर तिचं मन कमजोर, बाळ गेलं तर तिची कूस वाईट, नवरा गेला तर तिचं कपाळ पांढरं. हे सगळं आपल्याला न शिकता येतं. ताप कसला आहे हे शोधायला मात्र परक्या बाईला खुर्ची ओढून बसावं लागतं.

तरीही बुधवार गेला, गुरुवार गेला. शरयूताई फोनपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. त्यांच्या स्वतःच्या रक्तातही त्या आजाराची खूण निघाली होती. गुडघे दुखतात ते एसीमुळे, असं त्या इतके दिवस म्हणत होत्या. गोळ्या त्यांनाही सुरू झाल्या होत्या. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी धीर केला.

वसुधामावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्याच. "अहो, गाईचं दूध कधी बाधतं का कोणाला? मी गिरिजाला बोलावलं नाही, तेच तुम्ही मनात धरलंत. दूध नसेल आणायचं तर तसं सांगा, मी दुसरीकडून बघते."

"दूध राहू दे. चैत्रालीला तेवढं सांगा. तिला तपासायला हवं."

"सातव्या महिन्यात तिला घाबरवू? काहीतरीच. ठेवते, अजून फुलांची वाडी व्हायचीय."

शनिवारी सकाळी शरयूताई श्रीरंगला म्हणाल्या, "मला तिथे सोड."

"मी नाही येणार. मला तिथे तोंड दाखवता येणार नाही."

जिन्यात गिरिजा उभी होती. आठवड्यात उतरून गेलेली, पण साडी नेसलेली. "चला आई, मी ड्राइव्ह करते," ती म्हणाली.

मावशींच्या मोठ्या घराच्या मागच्या अंगणात झोपाळा फुलांनी सजवला होता. हिरव्या साडीत, अंगभर फुलांचे दागिने घालून चैत्राली त्यावर बसली होती. आत पुरुषमंडळी टीव्हीपुढे, बाहेर बायकांची थट्टामस्करी.

"पेढा की बर्फी? ओळख बरं!"

"तिच्या नवऱ्याला विचारा, अनीशने आत्ताच बाळाच्या क्रिबला निळा रंग दिलाय!"

हसण्याच्या लाटेत गिरिजा फाटकातून आत आली आणि एकेक आवाज कमी होत गेला. मावशींनी हातातलं तबक खाली ठेवलं. "या… शरयूताई, बरं केलंत आलात. गिरिजा, तू आत बस हो, एसीत. बरं नाही ना तुला."

"मी इथेच बरी आहे, मावशी."

शरयूताई सरळ झोपाळ्याशी गेल्या. भिंतीपाशी थांबल्या नाहीत. त्यांचा आवाज मुळातच मऊ. "चैत्राली, नीट ऐक बाळा. सत्यनारायणाला मी जे दूध आणलं होतं ते चांगलं नव्हतं. त्यात आजार होता. आमच्या गिरिजाला त्यानेच ताप येत होता. तिचं बाळही बहुतेक त्यानेच गेलं. तिच्या अंगात काही खोट नव्हती. मी ते तीर्थ माझ्या हाताने पाजत होते तिला. ज्यांनी ज्यांनी घेतलं त्या सगळ्यांनी तपासून घ्या. तू तर आजच."

"शरयूताई! शुभकार्यात हे काय!" मावशी पुढे आल्या.

मागून कोणीतरी म्हणालं, "एवढं कडक सोवळं, आणि हे बघा." दुसरी कोणी खुदकन हसली आणि एकदम थांबली.

"हसा," शरयूताई म्हणाल्या. "पण घरी जाऊन फोन करा डॉक्टरला."

चैत्रालीचा चेहरा पांढरा पडला होता. "काकू, मी वाटीभर घेतलं होतं. परत मागून घेतलं. मला गेले काही दिवस अंग दुखतंय… मला वाटलं, सातव्यात दुखतंच."

"सगळ्यांचं दुखतं गं," मावशी म्हणाल्या. "बस तू. ओटी अर्धवट ठेवून उठू नये."

"मावशी, मला नाही बसायचं." ती साखळीला धरून उभी राहिली. फुलांची वाकी हातातून निसटून गवतावर पडली. "कुठे जायचं? शनिवारी कोण भेटेल?"

"माझ्या डॉक्टरांचा सुट्टीतही लागणारा नंबर आहे," गिरिजा म्हणाली. "गाडीतून फोन करू. त्या सांगतील त्या हॉस्पिटलमध्ये जाऊ. काय काय विचारतात ते मला माहीत आहे."

"तू कशाला?" मावशी चटकन म्हणाल्या. "अनीश आहे की!"

"अनीश येईल मागून," चैत्राली म्हणाली. "मला आत्ता गिरिजा हवीय."

ज्या बाईची सावली नको म्हणून तिला घरी बसवायचं ठरलं होतं, तिच्या खांद्यावर हात ठेवून चैत्राली अंगणातून बाहेर पडली. कोणी वाट अडवली नाही, कोणी बरोबरही गेलं नाही. कुंकवाचं तबक हातात धरून बायका उभ्या होत्या आणि प्रत्येक जण दुसरीकडे बघत होती. शरयूताई हात जोडून सगळ्यांना म्हणाल्या, "माझं चुकलं. तुमचं तरी चुकू देऊ नका." आणि त्या दोघींच्या मागे गेल्या.

गिरिजा गाडी चालवत होती. फोन झाला होता. डॉक्टरीणबाईंच्या जागी असलेल्या डॉक्टरांनी लगेच या म्हणून सांगितलं होतं. रक्त घेतील, मग उत्तर यायला काही दिवस लागतील. वेळेवर कळलं म्हणजे औषध आहे, असं गिरिजाने तिला दोनदा समजावलं. चैत्राली पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने हळूच विचारलं,

"गिरिजा, तुला कितवा महिना होता गं?"

"पाचवा लागला होता."

"आम्ही कोणी विचारलंच नाही तुला."

"नाही."

"मुलगा होता की…"

"मुलगी."

"नाव ठरवलं होतंस?"

सिग्नल हिरवा झाला. गिरिजाने गाडी पुढे काढली. "हो. कादंबरी."

मागच्या सीटवर बसलेल्या शरयूताईंना आपल्या नातीचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं.